सेल्फ उचलत नाही

मंगळवार, ७ ऑक्टोबर

नाही, बॅटरी नाही! बॅटरी नवी आहे, दसऱ्याच्या आधीच टाकली. सेल्फ बी बसस्टँडवरच्या मेस्तऱ्यानं खोलून, साफ करून बसवला. आन् मले गाडी चालवता येत नाही असं बी नाही — चाळीस वर्सं झाले स्टेरिंग धरून. तरी आज नेरमधी चायच्या टपरीपुढं चावी फिरवली तं टक्! एकच टक्. पुढं काही नाही. सात-आठ लोकायनं ढकलली तव्हा लागली.

सत्यभामा आत बसून. तिच्या किडन्या काम करत नाहीत. यवतमाळले मशीनमधून रगत धुऊन काढतात — मंगळवार आन् शुक्रवार, चार-चार तास. दहाले पोचा लागते. उशीर झाला तं तिची खाट दुसऱ्याले देतात. तिले पाणी मोजून, पण नेरची दोन घोट चाय पाहिजेच. म्हणून तिथं थांबतो. आज दहाले पाच कमी असताना पोचलो. बायकोले डोक्यावर घेऊन पळालो नाही, एवढंच.

येताना नेरमधी उज्ज्वलाबाईच्या दुकानात गेलो. गाड्यायच्या वायरिंगचं काम करते. नवरा वारला, तव्हापासून दुकान तीच पाहते. मले वाटलं, ही काय पाहीन! तिनं तं बोनट उघडलंच नाही. म्हणे, "आता चालू आहे ना काकाजी? मंग काय पाहू? ताप उतरल्यावर पोट्टं दवाखान्यात आणलं तं डॉक्टर काय सांगन?"

म्हटलं, मंग काय करू?

"एक वही करा. चावी मारली की लिहा. कवा, कुठं, इंजन थंडं का गरम, आवाज कसा आला, दिवे कसे होते. आन् कोणी म्हटलं हे बदला, ते बदला — तं नाही म्हणा."

वही म्हणे! मी सातवी नापास माणूस. आमच्या पोराची, अक्षयची, शाळेतली अर्धी कोरी वही सापडली. पयल्या पानावर बेडकाचं चित्र आहे. चालते.


बुधवार, ८ ऑक्टोबर

गाडी काढलीच नाही. काय लिहू?


शुक्रवार, १० ऑक्टोबर

घरी, साडेसात, थंडं — लागली.
नेर, सवाआठ, गरम — टक्. दिवे एकदम मंद, विझल्यावाणी. ढकलली.
यवतमाळ, तीन वाजता — लागली.

याले कोणी लिहिणं म्हणते का? सत्यभामा म्हणे, "कोतवालाची डायरी होऊन राह्यली."


रविवार, १२ ऑक्टोबर

अक्षयचा पुण्यावरून फोन. त्याले कोणी सांगतलं काय माहीत, लोकायनं आईले बसवून गाडी ढकलली म्हणून. "बाबा, द्या ते भंगारात. आईले इकडं आणतो. सोसायटीच्या बाजूलेच सेंटर आहे."

सत्यभामानं फोन माह्या हातातून घेतला. "मी येत नाही. तुह्या घरी मागच्या बारीले वीस दिवस होती. गॅलरीत उभं राह्यलं तं खाली माणसं मुंग्यावाणी दिसतात. कोणाले हाक मारू? मले दारातून जाणारं-येणारं दिसलं पाहिजे."

अक्षय पोट्टा वाईट नाही. पण जिद्दी, माह्यावाणी. म्हणे, "ठीक आहे. पण आईचा एक दिवस जरी चुकला ना बाबा, तं मी येतो आन् घेऊन जातो. मंग काही आयकणार नाही."

फोन ठेवल्यावर सत्यभामा तूर निवडाले बसली. अर्धं सूप निवडून झालं. मंग म्हणे, "एक दिवस चुकू देऊ नका."

एवढंच म्हणे. मले ते लय लागलं.


मंगळवार, १४ ऑक्टोबर

घरी, थंडं. चावी फिरवली — काहीच नाही! टक् बी नाही. दिवे लख्ख. दुसऱ्या बारीले लागली. ही आता नवीन तऱ्हा.


शुक्रवार, १७ ऑक्टोबर

नेर, गरम — टक्, दिवे मंद. ढकलणाऱ्यात धरमसिंग बी होता. बाजूच्या तांड्यातला, एसटीचा रिटायर डायव्हर. तोंड लय चालते त्याचं. म्हणे, "काय नागोराव, बुढापकाळात लक्ष्मी रुसली का? उतारावर उभी करत जा. आमच्या डेपोत अर्ध्या गाड्या उताराच्या भरवशावर निघत होत्या."

सत्यभामा खिडकीतून म्हणे, "मले बी उतारावरच उभं करा भाऊ. मी बी कवा बंद पडीन सांगता येत नाही."

धरमसिंग हसता हसता थांबला. मी बी.


मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. मशीनले सण नसते. घरी लागली. नेरमधी आज टपरी बंद, थांबलोच नाही. यवतमाळ, तीन वाजता — काहीच नाही, दिवे लख्ख. दुसऱ्या बारीले लागली.

घरी येऊन सत्यभामानं पाटावर बसून पूजा केली. उभं राहाची ताकत नव्हती.


शुक्रवार, २४ ऑक्टोबर

नेर, गरम — टक्. ढकलली.


मंगळवार, २८ ऑक्टोबर

सगळीकडं लागली. काहून लागली? तेही समजत नाही. बिघडली तं बिघडली राहा ना बाई! बैल लंगडला तं लंगडतो, एक दिवस लंगडून एक दिवस पळत नाही.


शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

आज जे पाह्यलं ते सगळं लिहितो. कितीबी पानं लागो.

नेर, साडेआठ, टपरीपुढं. टक्. लोक बाकावरून उठले ढकलाले. पण उज्ज्वलाबाईनं मांगच्या शुक्रवारी सांगतलं होतं — बंद पडली का हलवू नका, मले फोन करा. केला. पाच मिनिटात स्कूटीवर आली. गळ्यात मीटर, खांद्यावर जाड वायर, पदर खोचलेला. लोकायले म्हणे, "कोणी हात लावाचा नाही!"

एक जण म्हणे, "अवं बाई, बुढीले दवाखान्यात जाचं आहे."

"मालूम आहे. दहा मिनिटं द्या. ढकलली का दुखणं पळून जाईन. मंग मी पुन्हा पंधरा दिवस कुठं शोधू?"

माहा जीव घड्याळात. म्हटलं पोरी, राहू दे, मी उशीर करू शकत नाही. सत्यभामा आतून बोलली, "पाहू द्या तिले. आज सापडली आहे तं पाहू द्या."

उज्ज्वलाबाईनं मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसले लावली, दुसरी इंजनच्या लोखंडाले. मीटर माह्या हातात देल्लं. चावी तिनं मारली. म्हणे, "आकडा वाचा काकाजी."

शून्य होता. चावी मारल्याबरोबर चढला — सहा!

म्हणे, "तिथं शून्यच राहाले पाहिजे होतं. बारा व्होल्टामधले सहा मधातच मरून राह्यले. सेल्फ बिचारा अर्ध्या जेवणावर काम करते."

म्हटलं, मायनस बी लोखंडाले, इंजन बी लोखंड. मधात मरते कोण?

तिनं जे सांगतलं ते मले चाळीस वर्सात कोणी सांगतलं नाही. म्हणे, "करंट जाते तसा परत येते काकाजी. बॅटरीतून निघते, सेल्फमधी काम करते, मंग त्याले घरी जाचं राह्यते. जाचा रस्ता सगळे पाहतात. परत याचा रस्ता कोणी पाहत नाही."

मंग आणखी दोन बारी चावी मारली आन् म्हणे, "आता ह्या किलचच्या तारेले बोट लावा. हळू!"

लावलं. बाप्पा! चटका! इंजनापासून हातभर दूर, सायकलच्या ब्रेकच्या तारेएवढी तार. तिचं काम काय तं गिअर टाकताना किलच ओढाचं. म्हणे, "मोठा रस्ता बंद आहे. म्हणून सगळा करंट या पायवाटेनं घरी जाले पाहून राह्यला. गर्दीनं तार तापली."

मी नुसता पाहत राह्यलो. गाडी बंद, इंजन मुकं, आन् आतून हे चालू! कोणाले दिसत नाही, आवाज नाही. बंद पडल्यावर बी तो घरचा रस्ता शोधून राह्यला होता. माह्या अंगावर काटा आला. खरं सांगतो, देवळात बी असा येत नाही.

मंग तिनं जाडी वायर इंजनावरून सरळ मायनसले धरली. "चावी मारा." मारली. चर्र करून लागली! टपरीवरचे लोक ओरडलेच. कोणीतरी टाळ्या बी वाजवल्या.

म्हणे, "बंद करा. आता रस्ता कोणी बंद केला ते पाहू." अर्थची वायर पाहत पाहत बोट बॉडीवरच्या बोल्टापाशी गेलं. बोल्ट लालभडक. वायरचं टोक बी लाल. पान्यानं खोललं — खाली बी लाल रंगाचा जाड थर. बाई कपाळावर हात मारून म्हणे, "हे कोणत्या मेस्तऱ्यानं केलं?"

मी टायर पाहाले लागलो.

सत्यभामा आतून म्हणे, "सांगा ना आता!"

काय सांगू! दोन वर्सं झाले, बैल विकले. पण पोळ्याच्या दिवशी दावण रिकामी कशी ठेवाची? म्हणून औंदा गाडी धुतली. झूल टाकली, आरशाले घागरमाळ बांधली. शिंगाले लावाचा लाल ऑइलपेंट डब्यात उरला होता, तो बी लावला. बोनटमधी जिथं जिथं जंग दिसली तिथं तिथं. अर्थची वायर खोलली, खाली रंग मारला, ओल्यावरच वायर कसली. मनात म्हटलं, काम पक्कं झालं!

सगळ्यायले सांगा लागलं. टपरीवाला हसून हसून बाकावर बसला. उज्ज्वलाबाई नाही हसली. म्हणे, "बोल्टाच्या आट्यातून थोडंसं लोखंड लागत होतं. थंडं असलं का चालून जाये. तापलं का सुटे. म्हणून नेरमधीच होये, घरी नाही होये."

कानशीनं घासलं. रंगाखालून लोखंड चांदीवाणी चमकलं. वायर कसली. मीटर पुन्हा माह्या हातात देल्लं. शून्य. जवळजवळ शून्यच.

पावणेदहाले पोचलो. सत्यभामाले मशीन लागली. मी बाहेर बाकावर बसून बोट पाहत होतो. पांढरा डाग पडला होता. आत काचेपलीकडं तिचं रगत नळीतून जाये आन् दुसऱ्या नळीतून परत येये. इतके महिने पाहतो. आज पयल्यांदा परत येणारी नळी पाह्यली.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

लागली. लागली. लागली.


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सगळीकडं एका चावीत. अक्षयले फोन करून सांगतलं. म्हणे, "बाबा, तुम्ही रंगवली?" हसला. लय दिवसानं हसला माह्यासंगं. वही आता बंद कराची म्हणतो.


मंगळवार, ११ नोव्हेंबर

घरी, थंडं. काहीच नाही. दिवे लख्ख. दुसऱ्या बारीले लागली.

आता काय राह्यलं!


मंगळवार, १८ नोव्हेंबर

यवतमाळ, तीन वाजता — काहीच नाही. दुसऱ्या बारीले लागली. येताना सरळ उज्ज्वलाबाईच्या दुकानात. म्हटलं, तुह्या शून्यानं काय केलं? पुन्हा तेच!

"तेच नाही काकाजी. वही द्या."

वही घेतली. कानामागचा लाल पेन काढला, मंग निळा. एकेका ओळीपुढं ठिपके देत गेली. टक् लिहिलं तिथं लाल. काहीच नाही लिहिलं तिथं निळा. वही माह्यापुढं ठेवली. लाल सगळे नेरमधले, गरम इंजनाचे, दिवे मंद. एकतीस तारखेनंतर एकबी लाल नाही. निळे — घरी बी, यवतमाळले बी, सकाळी बी, दुपारी बी. दिवे दर बारीले लख्ख. आन् दुसऱ्या बारीले लागलीच.

म्हणे, "दुखणी दोन आहेत. एकमेकायच्या अंगात अंग घालून बसली होती. एक गेलं म्हणून दुसरं दिसलं."

माह्या हातची वही! मीच लिहिली, दर बारीले कुरकुर करत. आन् तिच्यात हे होतं, मले दिसलं नाही. कोतवालाची डायरी म्हणे! मी सत्यभामाले ठिपके दाखवले. तिनं पाह्यले. वही मिटून परत देल्ली. थकली होती.

बाईनं एक इतकुसा बल्ब चावीपासून सेल्फकडं जाणाऱ्या वायरले जोडला आन् डॅशबोर्डवर चिकटवला. "चावी फिरली का हा लागलाच पाहिजे. लागला आन् गाडी नाही लागली, तं दोष पुढं आहे. बल्बच नाही लागला, तं दोष चावीपाशी."

एका बल्बात अर्धी गाडी बाद! आमच्या बसस्टँडवरच्या मेस्तऱ्यानं एवढ्यात तीन सामान बदलले असते.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

घरी. काहीच नाही. बल्ब लागला नाही! म्हणजे चावीपाशी. सापडला चोर.


शनिवार, २२ नोव्हेंबर

उज्ज्वलाबाईनं चावीच्या मागचा स्विच बदलला. जुना माह्यासमोर फोडून पाह्यला. आतले पत्रे एकदम साफ. ना जळले, ना झिजले. पालथा करून पाह्यला, नाकापाशी धरून वास घेतला. म्हणे, "याच्यात तं काही नाही."

असन काहीतरी. जुनं आहे.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

यवतमाळ. नवा स्विच. काहीच नाही. बल्ब नाही.

फोन केला. पयल्यांदाच बाईनं काय करा ते सांगतलं नाही. मंग म्हणे, "शुक्रवारी मी तुमच्यासंगं येतो. दुकान बंद ठेवतो."


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

नेरवरून उज्ज्वलाबाई बसली, पुढच्या सीटवर. सत्यभामा आज मागं. दोघी जाताना कपाशी पाहत बसल्या. यंदा बोंडं बरी आहेत म्हणे. सत्यभामानं तिले विचारलं, "दुकान बंद ठेवून आमच्या बुढ्याच्या गाडीत कायले आली वं?" ती म्हणे, "काकू, मले झोप येत नाही. सापडलं नाही का डोळ्यापुढं वायरीच दिसतात."

जाताना दोन ठिकाणी लागली. दोनी बारीले बल्ब लागला.

तीन वाजता सत्यभामाले धरून आणलं, मागं टेकवलं. उज्ज्वलाबाईनं मोबाईल धरला, बल्बाचा व्हिडिओ काढाले. म्हणे, कधी कधी पापणी लवते तेवढ्यात लागून विझते. मी बसलो. चावी फिरवली. बल्ब लागला नाही. म्हटलं, "पाह्यलं? हेच! मी सांगत नव्हतो?"

तिनं मोबाईल खाली केला. मंग म्हणे, "पुन्हा मारा." मारली. लागली.

म्हणे, "बंद करा काकाजी. इकडं या. मी चालवतो."

मले राग आला. पण बाई हट्टी. दार उघडून उभी राह्यली. चालवली तिनं, नेरपर्यंत. दुकानापुढं थांबवली आन् मोबाईल माह्यापुढं धरला. "गाडीत दोष नाही, काकाजी. हे पाहा."

व्हिडिओत चावी. चावीवर माहा हात. माहाच, अंगठी आहे. बल्ब विझलेला. हात फिरत नाही. अंगठा नुसता चावीवर चोळून राह्यला, हळू हळू, तंबाखू मळल्यावाणी. उज्ज्वलाबाईचा आवाज येते — "काकाजी?" थोड्या वेळानं पुन्हा — "काकाजी, आयकता का?" मी काही म्हणत नाही. अंगठा चोळत राह्यते. खाली सेकंद दिसतात. सतरा. मंग माहा हात चावीवरून निघते आन् माहा आवाज — "पाह्यलं? हेच!"

मी तिची हाक आयकली नव्हती. एकबी नाही. मले तं वाटलं, मी चावी फिरवली. आता बी वाटते! सतरा सेकंद मी कुठं होतो?

चार बारी पाह्यला. पाचव्या बारीले तिनं मोबाईल पिशवीत टाकला. म्हणे, "मी वायरिंगवाली आहे काकाजी. याच्या पुढचं मले येत नाही. डॉक्टरले दाखवा. आन् वही संगं न्या." डोळे भरले होते तिचे. धरमसिंगले तिनंच फोन केला. त्यानं येऊन घरी आणलं.


रविवार, ३० नोव्हेंबर

बाजीवर बसून अंगठा पाहतो. जसा होता तसा आहे.


सोमवार, १ डिसेंबर

यवतमाळ. नसांचा डॉक्टर, तरणा आहे. डोस्क्याले सगळीकडून वायरी चिकटवल्या. सिस्टर म्हणे, हलू नका आजोबा. कॉम्प्युटरवर ओळीच ओळी, नांगरल्यावाणी. म्हटलं हे काय? म्हणे, "तुमच्या मेंदूतला करंट."

म्हटलं, माह्यात बी?

हसली. "सगळ्यायच्यात असते आजोबा."

बाहात्तर वर्सं झाले. कोणी सांगतलं नाही. पडल्या पडल्या मी त्या ओळी पाहत होतो. डोळा मिटला का वेगळ्या, उघडला का वेगळ्या! मधात एका ठिकाणी ओळी टोकदार झाल्या, दाट, काट्यावाणी. मले काही समजलं नाही, काही दुखलं नाही. सिस्टरनं तिथं खूण केली.

डॉक्टरनं वही पाह्यली. निळे ठिपके एक एक मोजले. खुर्ची जवळ घेतली आन् म्हणे, "काका, माह्याकडं शिकलेले लोक येतात. विचारलं का म्हणतात, कधीतरी होते. तुम्ही तारीख, वार, वेळ घेऊन आले. हे ठिपके कोणी देल्ले?"

म्हटलं, नेरच्या एका मेस्तरीनबाईनं.

झटक्याचा, मिरगीचा एक प्रकार आहे म्हणे. माणूस पडत नाही, नुसता थांबते. गोळी देल्ली, दोन टाइम. गाडी चालवाची नाही. कधीपर्यंत? म्हणे, "आता नाही म्हणा."

अक्षयले मीच फोन केला. लपवलं नाही. मंग म्हणे, "धरमसिंगकाका दर मंगळवार-शुक्रवार येतील का, ते मी त्यायलेच विचारतो." पुण्याचं नाव नाही काढलं. निदान आज तं नाही.


मंगळवार, २ डिसेंबर

धरमसिंगनं चालवली. एका चावीत लागली. येताना मी मागं, सत्यभामा माह्याजवळ. म्हटलं, तू तं दर बारीले बाजूले बसत होती वं. तुले कधी दिसलं नाही?

म्हणे, "पोळ्याच्या लय आधीपासून दिसते. दोन बारी तं चालत्या गाडीत झालं. मी स्टेरिंग धरून ठेवलं."

सांगतलं काहून नाही?

"सांगतलं असतं तं तुमची चावी गेली असती, आन् मी पुण्याले."

चालत्या गाडीत. दोन बारी. आन् पुढच्या मंगळवारी पुन्हा चप्पल घालून दारात तयार, माह्या बाजूले बसाले.

याच्यावर मी काही लिहिणार नाही. एक अक्षर नाही.